पत्र्याची बॅच

आमच्या मामेसासऱ्यांना जेवढं गणित येत होतं तेवढं लातूर-नांदेडच्या सगळ्या मुलखात दुसऱ्या कुणाला येत नसेल, हे मी स्वतः गणिताचा मास्तर असून छातीठोकपणे सांगतो. अट एकच. प्रश्न अकरावीच्या पहिल्या धड्यावरचा पाहिजे. संच म्हणजे काय, दोन संचांचा संयोग कसा करायचा, छेद कसा काढायचा, हे ते हंड्यावर हंडा रचावा तितक्या सहज सांगत. दुसऱ्या धड्यातलं काही विचारलंत, की मात्र त्यांच्या दुकानात येऊन तुम्ही लुगडं मागितल्यासारखे बघत राहायचे. याचं कारण पुढं येईलच; आधी दुकानाचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

गंजगोलाईत त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. शिक्षण सातवी, पण कान विलक्षण. घागर उचलायची, डाव्या तळहातावर तोलायची, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला की माल चोख. बद्द आला की कुठंतरी चीर आहे, मग ती दिसो न दिसो. जन्मभर हेच केल्यामुळं त्या बोटाला दुसरं काही सुचेनासं झालं होतं. कलिंगडाला टिचकी, दाराला टिचकी, एसटीच्या पत्र्याला टिचकी, बँकेच्या काउंटरवरच्या काचेला टिचकी. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी मला बघायला नांदेडला आली. चहापोहे झाले, मामा उठले, माझ्या पाठीत एक थाप घातली आणि मान डोलावली. मला वाटलं, शाबासकी दिली. ती शाबासकी नव्हती, तपासणी होती, हे मला बायकोनं पुष्कळ उशिरा सांगितलं. "खणखणीत निघालात म्हणून झालं हो लग्न," असं ती अजून म्हणते, आणि त्यात अभिमान किती आणि पश्चात्ताप किती, हे मला अजून कळलेलं नाही.

भूकंपानंतर ही टिचकी इमारतींकडं वळली. किल्लारीकडची गावंच्या गावं त्या पहाटे दगडमातीखाली गेली. लातूर शहर नुसतं हललं, पण मामा जे हलले ते हललेच. त्यांची थोरली मुलगी आणि तिचा नवरा त्यातल्याच एका गावात होते. दोघंही गेले. त्यांची लेक शुभांगी, म्हणजे आमची शुभी, तेव्हा लातुरात आजोळी होती म्हणून वाचली आणि तिथंच वाढली. त्या दिवसापासून मामा स्लॅबखाली झोपले नाहीत. स्वतःचं चांगलं दोन मजली घर असताना त्यांनी अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं आणि बायको-नातीला घेऊन तिथं राहायला गेले. मग घरात कोण राहायचं? तर भांडी. वर हंडे, खाली पराती. "भांड्यावर स्लॅब पडला तर पोचा येतो," मामा म्हणायचे, "पोचा ठोकून काढता येतो." मे महिन्याच्या लातुरी उन्हात ते शेड म्हणजे नुसती भट्टी. त्यात मी जावई. जावयाचा मान म्हणून मला शेडच्या बरोब्बर मधोमध, म्हणजे पत्रा जिथं सगळ्यात जास्त तापतो तिथं, पाटावर बसवायचे आणि वरून पुरणपोळी वाढायचे. ते पुरण त्या उन्हात आपोआप गरम राहायचं.

तर शुभी दहावी झाली आणि तिला गणितात असे मार्क पडले, की गल्लीनं पेढे मागायच्या आधी सल्ले दिले. ते दिवसच तसे होते. लातुरात तेव्हा जिकडं बघावं तिकडं क्लास. कापडाच्या दुकानाचा क्लास झाला, लग्नसराई संपली की मंगल कार्यालयाचा क्लास झाला, एका ठिकाणी तर खाली पिठाची गिरणी आणि वर त्रिकोणमिती. उमरी-धर्माबादपासूनची पोरं ट्रंका घेऊन यायची. कॉलेजात नाव घालायचं ते हजेरीपुरतं. शिकायचं ते क्लासात. आणि तिथं नुसतं 'गणित' असं काही मिळतच नव्हतं. बोर्डाचं गणित वेगळं, सीईटीचं वेगळं, आयआयटीचं वेगळं. त्यात रेग्युलर बॅच, व्हॅकेशन बॅच, रिपीटर बॅच, क्रॅश कोर्स. आठवी-नववीपासून घ्यायचा फाउंडेशन कोर्स, आणि ज्याचा तो हुकला त्याच्यासाठी ब्रिज कोर्स. मी अर्धा तास घालवून मामांना हे समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे पितळ येकच, भांडी येगळी?" आता याला हो म्हणावं की नाही, हे मला कळेना. शुभीला मात्र सगळं कळत होतं. अख्खं लातूर पोरींना डॉक्टर करायला निघालं होतं आणि ही म्हणत होती, "काका, मला बेडूक नको. मला गणितच करायचंय." चांगला क्लास मिळाला तर पोरगी पुढं जाणार, नाही मिळाला तर दोन वर्षं पाण्यात, एवढा साधा हिशेब होता.

प्रत्येक क्लासचं पहिलं लेक्चर फुकट असायचं, त्याला डेमो म्हणत. शहाणी माणसं दोन-तीन डेमो बघून कुठंतरी प्रवेश घेऊन मोकळी होत. मामांनी ठरवलं, सगळे बघायचे. "न वाजवता घागर घेतो का आपन? मग ह्ये तर पोरीचं हाय." मला नांदेडला फोन आला. "जावईबापू, शाळेला सुट्टीच हाय तुमच्या. या. सर कसा हाय त्ये तुमी बगा, बाकीचं मी बगतो." बाकीचं म्हणजे इमारत.

डेमोला समस्त लातूरचे सर संचच शिकवत, कारण तो सोपा आणि त्यात विनोद करायला जागा. उदाहरणही सगळीकडं एकच. वर्गातली काही मुलं चहा पितात, काही कॉफी पितात, काही दोन्ही पितात आणि काही काहीच पीत नाहीत, तर कोण किती? पहिल्या आठवड्यात मामांना उत्तर पाठ झालं. दुसऱ्या आठवड्यात त्यांना त्या मुलांची काळजी लागली. शेवटच्या बाकावर, दाराला लागून, चपला पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर धरून ते बसायचे. पळायची वेळ आली तर चपला शोधत बसायला नको. सरांनी "काही शंका?" असं विचारलं की पोरांच्या आधी मामांचा हात वर. "लातुरात कॉफी पितंय कोन सर?" ही पहिली शंका. "आन ज्ये कायच पीत न्हाईत त्येंची तब्येत बरी न्हाई का?" ही दुसरी. तिसरी मात्र ते उभं राहून, हात जोडून विचारत, "ही समदी पोरं बसलीत कुटल्या मजल्यावर?"

एका क्लासच्या संचालकांना वाटलं, हे नगरपालिकेचे इंजिनिअर आलेत. मामा टिचक्या मारत मारत जिन्यानं वर चालले होते आणि संचालक शहाळं घेऊन मागून. "साहेब, परवानगी दोनच मजल्यांची आहे हे मान्य, पण हा तिसरा मजला तात्पुरता आहे." मामा गर्रकन वळले. "तात्पुरता? मंग पडनार कवा हाय?" आम्ही शहाळ्याला तोंड न लावता खाली उतरलो. दुसऱ्या एका ठिकाणी भिंतीवर गुणवंत विद्यार्थ्यांच्या फोटोंचा हा भला मोठा फ्लेक्स. मामांनी त्याच्यावर टिचकी मारली, कान लावला आणि फ्लेक्सचा कोपरा उचलला. मागं छतापासून फरशीपर्यंत चीर. "पोरं लई हुशार हैत," ते संचालकांना म्हणाले, "भिंत धरून ठिवलीया त्येनी." असं करता करता निकाल ठरून गेला. मी म्हणायचं, "सर खणखणीत," आणि मामांनी म्हणायचं, "बिल्डिंग बद्द." एकदाच उलटं झालं. नांदेड रोडला चक्क पत्र्याचा क्लास सापडला. मामांचा आनंद गगनात मावेना. पण तिथले सर मूळचे हिंदीचे, गणिताला गिऱ्हाईक जास्त म्हणून इकडं वळलेले. त्यांनी संयोगाच्या जागी छेद काढला आणि वर्गातली सगळी मुलं एकाएकी दोन्ही प्यायला लागली. शुभीनं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. बाहेर आल्यावर म्हणालो, "मामा, पत्रा खणखणीत, पण सर बद्द." इतकं वाईट त्यांना भांड्यांचा भाव पडल्यावरही वाटलं नसेल.

जून सरला. बॅचेस भरत चालल्या, 'बॅच फुल'च्या पाट्या लागल्या, मैत्रिणी तिसऱ्या धड्यावर गेल्या, आणि आमची शुभी रोज नवीन जागी बसून तोच चहा आणि तीच कॉफी. एका संध्याकाळी तिनं मला शेडबाहेर गाठलं. डोळे भरलेले. "काका, दुसऱ्या धड्यात काय असतं ते तरी सांगा हो. आबा मला तिथपर्यंत जाऊच देईनात." मी तिला कोन मोजण्याचं थोडंफार सांगितलं, पण मी पडलो नांदेडचा, शाळा सुरू झाल्यापासून नुसता शनिवार-रविवारचा पाहुणा. पोरीचं वर्ष माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि मामांना बोलायची माझी काय, मामींचीही छाती नव्हती.

राहिला होता एकच क्लास, सगळ्यात मोठा. चार मजले, पुढून सगळी निळी काच. तिथले सर सकाळी नांदेडला शिकवायचे, दुपारी लातूरला, आणि मधला वेळ जीपमध्ये. शुभीनं जेवण सोडायची धमकी दिली म्हणून मामा तिथं आले. नेमकी त्या दिवशी सरांची जीप लोह्याच्या पुढं कुठंतरी बंद पडली. हॉल तुडुंब भरलेला, पोरं कंटाळून शिट्ट्या मारायला लागलेली. शुभी उठली. सरळ फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि संच सुरू केला. मी कपाळाला हात लावला. पण पोरगी काय बोलत होती! चहा, कॉफी, दोन्ही, काहीच नाही. सर जिथं थांबतात तिथं थांबत होती, जिथं विनोद करतात तिथं करत होती. पोरं पोट धरून हसली. सर धुळीनं माखलेले दारात येऊन उभे राहिले तेव्हा त्यांचाच विनोद चालू होता, आणि तो त्यांच्या तोंडून कधी एवढा रंगला नसेल. ते शेवटपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "हिला मी शिकवणार. पालक कोण आहेत?"

मामा मागून पिशवी छातीशी धरून उठले. "सर, तुमी खणखणीत हाव. खांब बी वाईट न्हाई. पन चार मजले हैत. पोरगी हितं बसनार न्हाई." त्या सरांना तोवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. "वर तशीही जागा उरलेली नाही! मग कुठं बसवू तिला? सायकल स्टँडमध्ये?" मामांनी ते सायकल स्टँड येतानाच बघून ठेवलं होतं. "हाव," ते म्हणाले, "तिथं पत्रा हाय." आणि झालं तसंच. आठवडाभरात सायकली बाहेर, बाकं आत; उशिरा आलेली सगळी पोरं आणि त्यांत शुभी, अशी एक बॅच सायकल स्टँडमध्ये सुरू झाली. मामा रोज तिला सोडायला जायचे ते सुटेपर्यंत तिथंच, मागच्या बाकावर; पण कान सरांकडं नसायचे, शेजारच्या चार मजल्यांकडं असायचे.

आता लातूर म्हणजे लातूर. पहिल्या चाचणीत शुभी पहिली आली आणि गावभर बातमी फुटली, की मोठ्या सरांनी हुशार पोरं निवडून गुपचूप पत्र्याखाली बसवलीत. दुसऱ्या दिवशी काचेच्या इमारतीपुढं पालकांची ही रांग. "आमच्या पिंट्याला वर नको, पत्र्याखाली घ्या." इतर क्लासवाल्यांनी काय हातावर हात धरून बसायचं? कुणी मोटारी हलवून पत्रे ठोकले. कुणी स्लॅबच्या खालूनच पत्रा मारून घेतला. एका महाभागानं चौथ्या मजल्याच्या गच्चीवर पत्र्याचं शेड बांधलं आणि बाहेर पाटी लावली, 'खास पत्रा बॅच'. मामा ती पाटी बघून रस्त्यावरच बसले. पत्रे विकणाऱ्या दुकानदारांचं मात्र सोनं झालं, ते मामांना बोलावून टिचकी मारून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "मामांनी वाजवलेला पत्रा हाय."

मग श्रावणाची झड लागली. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की आत ताशा वाजतोय असं वाटायचं. सर घसा फोडून ओरडायचे आणि तिसऱ्या बाकावर नुसते त्यांचे ओठ दिसायचे. पालक म्हणाले, यानं एकाग्रता वाढते. शुभीची काही वाढेना. दुसऱ्या चाचणीत ती पार खाली गेली. मी त्या शनिवारी लातुरात होतो, तिला आणायला शेडपाशी गेलो. वर्ग संपला होता, पाऊस संपला नव्हता. ती मामांच्या कानाशी जाऊन काहीतरी म्हणाली. "आँ?" मामा म्हणाले. तिनं परत सांगितलं. "आँ?" शेवटी ती जीव खाऊन ओरडली, "आबा, मला ऐकू येत न्हाई! मला वर जाऊ द्या!" आणि नेमका तेव्हाच पाऊस थांबला, त्यामुळं ते सगळ्या बॅचनं ऐकलं.

शुभीनं मामांचा हात धरला, ओढत इमारतीच्या खांबाशी नेलं आणि म्हणाली, "मारा टिचकी." त्यांनी मारली. कान लावला. "खरं सांगा आबा." "खणखणीत हाय," ते म्हणाले. "मग?" मामा त्या खांबाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुज्या आयचं लगीन ठरलं तवा त्या घराला बी टिचकी मारली व्हती मी. हातभर रुंद दगडी भिंती. चारी बाजूनं वाजवून बगितलं व्हतं. खणखणीत व्हतं, पोरी."

मला तेव्हा कळलं, की इतके दिवस सगळं लातूर बद्द का वाजत होतं. भिंती ठीक होत्या. त्यांचा स्वतःच्या बोटावरचाच विश्वास उडाला होता. शुभीनं त्यांचं ते बोट आपल्या मुठीत धरलं. शेवटी मामा म्हणाले, "जा मग." सोमवारी मोठ्या सरांनी वर एक बाक वाढवला आणि ती जिना चढून गेली.

मला वाटलं, मामा आता रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत छत्री घेऊन उभे राहणार. बघतो तर ते आत, जिन्याच्या खाली, चार मजल्यांचं ओझं डोक्यावर घेऊन स्टुलावर बसलेले. अंगावर घामाच्या धारा. मी म्हणालो, "मामा, अहो हे काय? पत्र्याखाली तरी बसा." त्यांनी मान हलवली. "नगं जावईबापू. अंगावरचं दूध तोडायचं म्हनून पोरीला माज्याकडं ठिवली आन लेकीला सासरी धाडली. मीच धाडली. हिकडं आमी वाचलो, तिकडं ती गेली. आता तशी वाटनी नगं. पडलं तर समद्यांवर येकदाच पडंल." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून रुमाल काढून तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "तुमी मातर भाईर थांबा. तुमी जावई हाव."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शुभी तिकडं पुण्याला गणितच शिकवते. अंगणातलं शेड तसंच आहे, त्यात आता भांडी ठेवलीत. पण मामा मला आठवतात ते त्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीचे. मी लातूरला गेलो तर जिन्याखाली स्टूल रिकामं. शिपाई म्हणाला, "वर हैत." पहिल्या मजल्यावर नव्हते. दुसऱ्यावर नव्हते. तिसऱ्या मजल्यावर वर्गाच्या दाराबाहेर, सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. पिशवी शेजारी रिकामी पडली होती आणि त्यांच्या चपला पोरांच्या चपलांच्या ढिगात दाराशी सोडलेल्या. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि बसायला जागा केली. आत परीक्षेची उजळणी चालली होती. "दुसरा धडा हाय," ते माझ्या कानात म्हणाले, जणू काशीला येऊन पोचलो असं सांगावं तसे. मी विचारलं, "कळतंय का मामा?"

"कायबी कळंना," ते म्हणाले. तेवढ्यात आत सरांनी काहीतरी विचारलं आणि शुभीनं उभं राहून उत्तर दिलं. मामांनी डोळे मिटले, डावा तळहात घागर तोलावी तसा उगाच जरा वर झाला, आणि मान डोलावून ते म्हणाले, "पन आवाज ऐका. खणखणीत हाय."